लामेटा शैलसमूह

लामेटा शैलसमूह हा मध्य व पश्चिम भारतात आढळणारा गाळाच्या खडकांचा शैलसमूह आहे. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ७ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांची पूरमैदाने, उथळ तळी आणि निमकोरड्या हवामानातील जमिनी यांत साचलेल्या गाळापासून तो बनला. डायनासोरांची हाडे, अंडी व घरटी आणि विष्ठेचे जीवाश्म यांसाठी तो जगभर ओळखला जातो. पुढे दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांत या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि तिचा बहुतेक भाग त्यांच्याखाली गाडला गेला. ट्रॅपच्या खाली असल्यामुळे या थरांना ‘अधःट्रॅपी थर’ असेही म्हणतात.

महाराष्ट्रात हे खडक मुख्यतः विदर्भात, म्हणजे चंद्रपूर, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत, उघडे पडलेले आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात, विशेषतः सोलापूरसारख्या पूर्णपणे बेसाल्टने व्यापलेल्या जिल्ह्यात, लाव्ह्यापूर्वीची भूमी बहुतेक ठिकाणी डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅपखाली गेलेल्या महाराष्ट्रात कोण राहत होते, काय उगवत होते आणि कोण काय खात होते, हे जाणण्यासाठी अभ्यासकांना वरोऱ्याजवळच्या काही शेतांपर्यंत जावे लागते.

नाव आणि विस्तार

मध्य प्रदेशातील जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी लामेटा घाट आहे. स्थानिक बोलीत त्याचा उच्चार ‘लम्हेटा’ असाही होतो. तेथील चुनखडकावरून जे. जी. मेडलिकॉट यांनी १८६० साली या थरांना हे नाव दिले. पुढे जबलपूरपासून गुजरातेतील बालासिनोरपर्यंत आणि दक्षिणेस वर्धा नदीच्या खोऱ्याच्या आसपास, ट्रॅपच्या तळाशी सापडणाऱ्या तशाच थरांना तेच नाव लागू झाले.

हा शैलसमूह अखंड पट्ट्यात पसरलेला नाही. जबलपूर, सागर, अंबिकापूर–अमरकंटक, बालासिनोर–झाबुआ, नंद–डोंगरगाव आणि सालबर्डी–बेलखेर अशा सुट्यासुट्या खोलगट भागांत तो आढळतो. यांतील नंद–डोंगरगाव खोरे नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत येते, तर सालबर्डी–बेलखेर क्षेत्र अमरावती जिल्हा आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर आहे. या थरांची जाडी काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत बदलते. वरच्या लाव्ह्याच्या राशीपुढे ती नगण्य वाटते. तरीही उद्रेकापूर्वीच्या सृष्टीचा भारतातील सर्वांत समृद्ध पुरावा याच पातळ पदरात आहे.

लामेटा आणि ‘आंतरट्रॅपी थर’ यांची पुष्कळदा गल्लत होते. लामेटा थर लाव्ह्याच्या तळाशी असतात. आंतरट्रॅपी थर दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांत काळात साचलेले असतात. मुंबईच्या वरळी–मलबार हिल भागात बेडकांचे इवलेसे सांगाडे ज्यात मिळाले ते थर या दुसऱ्या प्रकारचे होत.

खडक आणि त्यांच्या उत्पत्तीविषयीचा वाद

जबलपूर येथे खालून वर हिरवट वालुकाश्म, खालचा चुनखडक, ठिपकेदार व गाठाळ थर आणि त्यावर पुन्हा चुनामिश्रित वालुकाश्म असा क्रम दिसतो. हा गाळ समुद्रात साचला की जमिनीवर, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. जबलपूरच्या थरांत आडव्यातिडव्या नळ्यांसारख्या रचना आहेत. त्या खेकडावर्गीय प्राण्यांची बिळे असल्याचे मानून काही भूवैज्ञानिकांनी येथे भरती-ओहोटीचा किनारा कल्पिला. ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी १९८७ साली याच खडकांचे वेगळे वाचन मांडले. चुनखडीच्या गाठी, ठिपके आणि भेगा ही निमकोरड्या मैदानात माती तयार होण्याच्या प्रक्रियेची लक्षणे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज बहुतेक अभ्यासक हे थर नदी, तळे व जमीन यांचे मानतात. येथील तथाकथित चुनखडकाचा बराचसा भाग म्हणजे जुन्या मातीत साचून घट्ट झालेली चुनखडी होय. महाराष्ट्रातील काळ्या मातीखाली आजही चुनखडीचे खडे धरतात. ज्याने अशी विहीर खणताना पाहिली आहे त्याला ही कल्पना अवघड वाटू नये.

या वादाचा परिणाम जीवाश्मांच्या अर्थावरही होतो. थर समुद्रकिनाऱ्याचा मानला तर त्यातील हाडे नदीने दुरून वाहून आणलेली ठरतात. तो जमिनीचा मानला तर प्राणी तेथेच वावरत, अंडी घालत आणि मरत होते असे म्हणता येते. घरट्यांच्या शोधांनी दुसऱ्या मताला बळ दिले.

संशोधनाचा इतिहास

भारतातील डायनासोरांच्या हाडांची पहिली नोंद याच खडकांतली आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर काही अश्मीभूत मणके मिळाले. ‘डायनासोर’ हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८४२ साली रूढ झाला. मणके कोलकात्यास पोहोचले आणि रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती स्थापन केली. नंतर हे नमुने दृष्टिआड झाले आणि हरवले असे मानले जाऊ लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात त्यांतला एक मणका २०१२ साली पुन्हा सापडला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चार्ल्स मॅटली आणि दुर्गाशंकर भट्टाचार्य यांनी बडा सिमला येथे पद्धतशीर उत्खनन केले. त्या सामग्रीवर फ्रीडरिख फॉन ह्यूने आणि मॅटली यांचा मोठा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हीसुकस यांसारख्या मांसाहारी डायनासोरांची नावे त्यातून आली. बरीच नावे सुट्या व अपुऱ्या हाडांवर आधारलेली असल्याने पुढच्या संशोधकांना त्यांची फेरतपासणी करावी लागली.

१९८० नंतर गुजरातेत कामाला वेग आला. बालासिनोरजवळच्या रैयोली येथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गोळा केलेल्या हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या शिकारी डायनासोराचे वर्णन झाले. त्याची कवटी मादागास्करच्या माजुंगासॉरसाशी जवळचे नाते दाखवते. भारत आणि मादागास्कर ही भूमी क्रिटेशस कालखंडात, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, एकमेकांपासून विलग झाली. हे नाते त्या जुन्या जोडणीची आठवण आहे.

महाराष्ट्रातील लामेटा

महाराष्ट्रातील या थरांचा शोध नागपूरचे मिशनरी व हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्या कामाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी नागपूर परिसरातील ट्रॅप, त्याखालचे व त्यामधले थर आणि त्यांतील जीवाश्म यांचा अभ्यास केला. वरोऱ्याच्या उत्तरेस असलेले पिसदुरा हे गाव त्यांच्यामुळेच भूविज्ञानाच्या नकाशावर आले.

पिसदुऱ्यापासून जवळच डोंगरगाव आहे. दोन्ही गावे चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात येतात. डोंगरगाव येथे तळ्याच्या तळाशी साचलेले पातळ पापुद्र्यांचे थर असून त्यांत मासे, गोगलगाई, शिंपले, ऑस्ट्रॅकॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी आणि वनस्पतींचे अवशेष मिळतात. डोंगरगावच्या टेकडीतून कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने १९८४ ते १९८६ या काळात एका मोठ्या शाकाहारी डायनासोराचा सांगाडा काढला. मान, पाठ व शेपटीचे मणके, कटिभाग, खांद्याची हाडे आणि पुढचा पाय एकत्र मिळाल्यामुळे भारतातील टायटॅनोसॉरवर्गीयांत तो सर्वांत परिपूर्ण सांगाड्यांपैकी एक ठरला. कवटी व मागचे पाय मात्र मिळाले नाहीत. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टाय’ हे नाव दिले. तो वेगळ्याच प्रजातीचा असल्याचे पुढील अभ्यासात दिसल्याने २००३ पासून तो ‘इसिसॉरस’ म्हणून ओळखला जातो. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनासोराला कसे लागले, याचे उत्तर संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तेथे वाढवलेल्या भूविज्ञान विभागात आहे.

पिसदुरा

पिसदुऱ्याचे दृश्य प्रेक्षणीय म्हणता येणार नाही. तेथे कडे नाहीत, दऱ्या नाहीत. तांबड्या व हिरवट चिकणमातीची सपाट शेतजमीन आहे आणि नांगरटीनंतर, पावसाळ्याच्या मागेपुढे, तिच्या पृष्ठभागावर जीवाश्म उघडे पडतात. हाडे बहुधा तुटलेली व विखुरलेली असतात. कासवांचे अवशेष येथे विपुल आहेत. पिसदुऱ्याचे नाव दोन प्राण्यांनी धारण केले आहे: ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’ हे कासव आणि ‘माद्त्सोइया पिसदुरेन्सिस’ हा मोठा साप. कासवाचे वर्णन जैन यांनी १९७७ साली वेगळ्या प्रजातिनामाने केले होते. २०२० साली त्याला मिळालेले नवे प्रजातिनाम जैन यांच्याच गौरवार्थ आहे. सापाचे वर्णन २०११ साली झाले. त्याचे आप्तही मादागास्करमध्ये आढळतात.

परंतु पिसदुऱ्याची खरी कीर्ती अश्मीभूत विष्ठेमुळे आहे. मॅटली यांनी १९३९ साली तिच्यावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आकारावरून तिचे प्रकार पाडले. सर्वांत मोठे तुकडे लांबट, दंडगोल आणि मुठीत न मावणारे असतात. हाड प्राण्याच्या देहाची माहिती देते. विष्ठा त्याने काय खाल्ले ते सांगते. शोधणाऱ्याला मात्र एक अडचण कायम राहते. विष्ठेवर मालकाचे नाव नसते. मोठे तुकडे टायटॅनोसॉरवर्गीयांचे असावेत हे अनुमान त्यांचा आकार, त्यांतील वनस्पतिजन्य अंश आणि त्याच थरात मिळणारी हाडे यांवर उभे आहे. ते बहुमान्य असले तरी अनुमानच आहे.

विष्ठेतील गवत

पिसदुऱ्याच्या विष्ठेचे पातळ छेद घेऊन आणि तिचे रासायनिक पृथक्करण करून त्यातील सूक्ष्मकण वेगळे करण्याचे काम लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत झाले. २००४ साली तिच्यात पानांवर वाढणाऱ्या परोपजीवी बुरशीचे अवशेष असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे खाणारा प्राणी झाडांची पाने ओरबाडत होता.

पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. अनेक वनस्पती जमिनीतील सिलिका शोषून पेशींत साठवतात आणि पेशीच्या साच्यात तिचे काचेसारखे कण तयार होतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. वनस्पती कुजली, पचली वा जळली तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांना पिसदुऱ्याच्या विष्ठेत ताड, शंकुधारी वृक्ष व इतर वनस्पतींच्या कणांबरोबर गवताचे फायटोलिथ मिळाले. तेही एकाच नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. हा शोध २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत गवताचे निःसंशय जीवाश्म सुमारे ५.५ कोटी वर्षांपेक्षा जुने नव्हते आणि डायनासोर तर ६.६ कोटी वर्षांपूर्वी लोपले होते. त्यामुळे डायनासोरांच्या चित्रांत पायाखाली गवत काढणे ही चित्रकाराची चूक समजली जाई. पिसदुऱ्याने ती समजूत मोडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गवताच्या कुळाच्या शाखा तेव्हाच फुटलेल्या होत्या आणि त्यांतील काही भारताच्या भूमीवर होत्या. याच सामग्रीवरील २०११ च्या संशोधनात भाताच्या गटाशी नाते सांगणारे फायटोलिथ ओळखले गेले. याचा अर्थ तेव्हा धान्य पिकत होते असा नाही. ज्या गटात पुढे भात निर्माण झाला तो गट तेव्हा अस्तित्वात होता, एवढाच. गवत हा या प्राण्यांच्या आहाराचा मुख्य भागही नव्हता. विष्ठेत त्याचे प्रमाण अल्प आहे.

इतर खुणा: घरटी, अंडी आणि पाऊलठसे

विष्ठा, बिळे, घरटी आणि पाऊलठसे यांना एकत्रितपणे खुणांचे जीवाश्म म्हणतात, कारण त्यांत देह नसून वर्तन जतन झालेले असते. जगातील काही समकालीन व जुन्या शैलसमूहांत पक्ष्यांचे पाऊलठसे विपुल आहेत. दक्षिण कोरियातील हामान आणि जिनडोंग शैलसमूहांत तळ्याकाठच्या ओल्या गाळावर चाललेल्या क्रिटेशस काळातील पक्ष्यांचे ठसे टिकले. तसा ठसा टिकण्यासाठी गाळ बारीक व ओलसर हवा, तो थोडा वाळायला हवा आणि लगेच नव्या गाळाखाली झाकला जायला हवा. लामेटाच्या पुष्कळ भागात घडले ते उलट. गाळ दीर्घकाळ उघडा राहिला, त्यात मुळे शिरली, किडे फिरले, भेगा पडल्या, चुनखडी साचली आणि त्याची माती झाली. माती होताना थराचे मूळ पापुद्रे मोडतात आणि त्यांच्याबरोबर पृष्ठभागावरील ठसेही. म्हणूनच या शैलसमूहाची ओळख पाऊलखुणांपेक्षा घरट्यांनी व विष्ठेने घडली आहे.

अंडी मात्र अशा जमिनीत उत्तम टिकली. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील सालबर्डी परिसरात ती आढळतात. बहुतेक अंडी टायटॅनोसॉरवर्गीयांची, गोल आणि साधारण १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची आहेत. मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ साली झाली. त्याच भागातील एका अंड्यात अंड्याच्या आत दुसरे अंडे असल्याचे २०२२ साली दिसून आले. ही विकृती तोपर्यंत केवळ पक्ष्यांत ठाऊक होती, त्यामुळे या डायनासोरांची प्रजननसंस्था काही बाबतींत पक्ष्यांसारखी असावी असा अंदाज मांडला गेला.

गुजरातेतील ढोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात काढलेल्या एका घरट्याची कथा वेगळी आहे. त्यातील हाडे प्रथम केवळ डायनासोराच्या पिल्लाची मानली गेली. पुढे त्यांत सापाचे मणके ओळखू आले. २०१० साली ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने वर्णन झालेला हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाजवळ गाडला गेला होता.

सोलापूर आणि ट्रॅपखालचा महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्रावर बेसाल्ट आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा, सीना व नीरा यांच्या काठचा अलीकडचा गाळ सोडला तर सर्वत्र तोच आहे. विहीर खणताना वरून काळी माती, मुरूम, मग कठीण कातळ लागतो आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कधी तांबडा, गेरूसारखा पट्टा दिसतो. हा पट्टा लाव्ह्याचा पृष्ठभाग कुजून किंवा त्यावर पडलेल्या ज्वालामुखी राखेतून झालेला असतो. लामेटाशी त्याचा संबंध नाही. बेसाल्टचे कांद्यासारखे पापुद्रे सुटून जे गोल गोळे तयार होतात, ते अश्मीभूत अंडी असल्याचा समजही निराधार आहे. तो गोळा फोडल्यास आत तोच काळा खडक निघतो. खऱ्या अंड्याला सूक्ष्म छिद्रे असलेले पातळ कवच असते.

लाव्ह्याच्या खाली काय आहे याची एक थेट झलक सोलापूरच्या शेजारी मिळाली आणि तिचे निमित्त दुःखद होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाला. त्यानंतर संशोधनासाठी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सुमारे ३३८ मीटर जाडीचे लाव्हाप्रवाह लागले, त्यांखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि मग प्राचीन स्फटिकी खडक. उद्रेकापूर्वीची जमीन म्हणजे तो ८ मीटरांचा थर. ट्रॅपखालचा प्रत्येक गाळ लामेटा ठरत नाही. त्यासाठी कालनिश्चिती आणि जीवाश्मांची जुळणी आवश्यक असते. छिद्रातून निघणारा दंडगोल खडक हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचा असतो. त्यात परागकण वा शिंपला मिळू शकतो. सांगाडा किंवा घरटे मिळण्याची आशा धरता येत नाही.

त्यामुळे विदर्भातील उघड्या थरांचे मोल त्यांच्या क्षेत्रफळाच्या मानाने फार मोठे आहे. ट्रॅपच्या पूर्व कडेला लाव्ह्याचे आवरण झिजून गेले आणि खालची जमीन पुन्हा उजेडात आली, एवढ्याच कारणाने आज ती वाचता येते.

जतन

गुजरातेत रैयोली येथे जीवाश्म उद्यान व संग्रहालय उभे आहे, आणि मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाग परिसरात डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे. पिसदुरा आणि डोंगरगाव ही कसणाऱ्यांची गावे आहेत. येथील जीवाश्म मुख्यतः शेतांत आहेत. नांगर त्यांना वर आणतो आणि तोच त्यांचे तुकडे करतो. भूवारसास्थळे व भूअवशेष यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता.

शेतातून उचललेला तुकडा संग्रहाच्या कपाटात गेला की तो वस्तू म्हणून उरतो. तो कोणत्या थरातून, कशाच्या शेजारून आला ही नोंद गेली तर पुरावा म्हणून त्याची किंमत बरीचशी संपते. स्लीमन यांच्या मणक्याला कागदोपत्री वर्णन व चित्रे होती, म्हणूनच दीड शतकानंतर तो ओळखता आला. पिसदुऱ्याच्या विष्ठेचे नमुनेही मॅटली यांच्या निबंधानंतर पासष्टहून अधिक वर्षांनी गवताचा शोध देऊ शकले, कारण फायटोलिथ वेगळे करण्याचे तंत्र आले तेव्हा ठिकाण ठाऊक होते आणि थर जागेवर होता.